हार्पी महाग करून पाहिल्या

मॉडच्या, म्हणजे खेळातले आकडे आपल्या मनासारखे बदलणाऱ्या फाइलमध्ये मी केलेला पहिला बदल एका ओळीचा होता. हार्पीची किंमत वाढवली. हार्पी म्हणजे अर्धी बाई, अर्धा पक्षी. ‘डॉमिनियन्स ५’ या खेळात पॅन्जिया नावाच्या राष्ट्राकडे या हार्पी असतात. लढायला अगदीच लेच्यापेच्या, पण स्वस्त, उडणाऱ्या आणि शत्रूच्या मुलखात लपून राहू शकणाऱ्या. या तीन गोष्टी एका जीवात एकत्र आल्या की काय होतं, ते मी पॅन्जियाचा शेजारी म्हणून एक अख्खा खेळ भोगलं होतं. त्या रागात ती ओळ लिहिली. मग चटक लागली आणि अशा बऱ्याच ओळी लिहिल्या. त्यातल्या बहुतेक आता पुसल्या आहेत. का लिहिल्या होत्या आणि का पुसाव्या लागल्या, ते सांगतो.

खेळाबद्दल आधी थोडं. इलविंटर ही स्वीडनमधली जेमतेम दोन माणसांची कंपनी ‘डॉमिनियन्स’ बनवते. पाचवा भाग २०१७ च्या शेवटी आला, सहावा जानेवारी २०२४ मध्ये. आम्ही पाचव्यावरच अडकून बसलो आहोत, कारण माझं मॉड पाचव्याचं. प्रत्येक खेळाडू स्वतःला देव म्हणवून घेणारा कुणीतरी असतो आणि बाकीच्या देवांना संपवणं हा एकूण उद्योग. राष्ट्रं सत्तरहून अधिक, आणि त्यांची पुराणं जगभरातून उचललेली. आपलीही आहेत: कैलास, लंका, पाताळ, आणि किपलिंगकडून घेतलेलं बंदर लॉग. आमच्या टोळक्यात पहिलं भांडण लंका कोणी घ्यायची यावरूनच झालं होतं.

टोळकं म्हणजे इंजिनिअरिंगच्या वेळचे मित्र. दोघं-तिघं पुण्यात, एक नागपूरला, एक जर्मनीत. हा खेळ समोरासमोर बसून खेळायची गरज नसते. प्रत्येकाने आपापल्या वेळेला आपले हुकूम भरून फाइल पाठवायची, सर्व्हर सगळ्यांचे हुकूम एकाच वेळी अमलात आणतो आणि नवी परिस्थिती परत पाठवतो. एक टर्न म्हणजे खेळातला एक महिना आणि आमच्या आयुष्यातला एक दिवस. लढाई सुरू झाली की तुमच्या हातात काही नसतं. कोणी कुठे उभं राहायचं, जादूगाराने पहिले पाच मंत्र कोणते म्हणायचे, कोणी मागच्या फळीवर तुटून पडायचं, एवढं आधी लिहून ठेवायचं. बाकीचं दुसऱ्या दिवशी चित्रफितीसारखं बघायचं आणि कपाळाला हात लावायचा.

‘एकाच वेळी’ हे दोन शब्द मी कधी नीट मनावर घेतले नाहीत. माझ्या चुकांचं मूळ तिथे आहे, पण ते कळायला वेळ लागला.

त्याचं कारण वॉरक्राफ्ट. कॉलेजच्या काळात आम्ही सायबर कॅफेत ‘वॉरक्राफ्ट ३’ खेळायचो. त्यात ऑर्कांचा ब्लेडमास्टर नावाचा नायक असतो. विंड वॉक लावला की तो अदृश्य होतो, भरधाव तुमच्या तळात शिरतो, एखाद-दुसरा मजूर मारतो, पळतो. पण तिथे त्यावर औषध होतं. दुकानातून एक भुकटी घ्यायची, शंका आली की उधळायची, गडी दिसायला लागतो, आणि दिसला की सगळ्यांनी मिळून बडवायचा. अदृश्य शत्रूबद्दलची माझी अक्कल तिथे तयार झाली. दिसत नाही हा त्रास, दिसायला लागला की त्रास संपला. हीच समजूत घेऊन मी डॉमिनियन्समध्ये आलो. हार्पीची किंमत वाढवून भागलं नाही, तेव्हा लगेच दुसरी ओळ लिहिली. लपणाऱ्या सगळ्यांच्या लपण्याचा आकडा कमी केला. तिसऱ्या ओळीने माझ्या पहारेकऱ्यांचा शोधण्याचा आकडा वाढवला.

या बदलांचा परिणाम झाला, नाही असं नाही. पुढच्या खेळात पॅन्जिया घ्यायला कोणी तयार होईना. पॅन्जियाचे सॅटर आणि सेंटॉर उघड्या मैदानात चिलखती फौजेपुढे उभे केले तर त्यांचा चिवडा होतो. त्यांना जंगलातून, पाठीमागून, नको तिथून येता येतं म्हणून ते राष्ट्र जिवंत असतं. मी त्यांचं लपणं काढून घेतलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही. फाइलीत वर टीप मात्र लिहिली होती: ‘थोडी छाटणी.’ नागपूरकराने ती वाचून विचारलं, “छाटणी कसली? खोडच कापलंस की.”

नागपूरकर हा आमच्यातला सगळ्यात शांत खेळाडू. वाद घालत नाही, दाखवून देतो. त्याने मला एक चाचणीचा खेळ खेळायला लावला. छोटा नकाशा, दोघंच. तो पॅन्जिया, मी मधल्या युगातलं उल्म, म्हणजे काळ्या चिलखतातलं जड पायदळ आणि लोहार-जादूगार. मॉड बंद, मूळ खेळ जसा आहे तसा. आणि एक अट त्याने स्वतःवर घालून घेतली. “दर टर्नला मी तुला आधी सांगणार, माझ्या टोळ्या कुठे लपल्या आहेत. खोटं बोलणार नाही. तू बघ काय करतोस ते.”

मला हसू आलं. हे म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर हातात देणं झालं.

रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा निरोप यायचा. आज तीन टोळ्या. एक तुझ्या राजधानीच्या पूर्वेच्या जंगलात, एक दलदलीत, एक डोंगरात मंदिराच्या बाजूला. मी फौज उचलून जंगलात पाठवायचो. दुसऱ्या दिवशी जंगल रिकामं, आणि जिथून फौज हलवली तो प्रांत गेलेला. दोघांचे हुकूम एकाच वेळी अमलात येतात. मी जंगलात पोचतो त्याच महिन्यात तो तिथून निघालेला असतो. शिवाय मी जंगलाकडे जाणार हे त्याला माहीत, कारण जंगलाचा पत्ता त्यानेच दिलेला. मग मी हुशारी केली, फौज हलवलीच नाही. तर त्याने दलदल आणि डोंगर दोन्ही घेतले. मी फौजेचे तीन तुकडे केले. त्याने तिन्ही टोळ्या एका ठिकाणी आणून एक तुकडा खाल्ला. हेही आदल्या दिवशी सांगून केलं, “उद्या तिघी एकत्र येणार आहेत,” असं. मला वाटलं, फसवतोय.

मंदिराचा प्रांत गेला ती लढाई मी दोन-तीनदा पाहिली. प्रांताचं रक्षण म्हणून मी दहा गुणांचा बंदोबस्त ठेवला होता. खेळाडू त्याला पीडी म्हणतात. सोनं मोजायचं, की गावचे लोक भाले घेऊन उभे राहतात आणि त्यांच्यावर एक सरदार नेमला जातो. रांग बऱ्यापैकी होती. पुढे भालेवाले, मागे थोडे तिरंदाज, सगळ्यात मागे सरदार. हार्पींना हुकूम होता मागच्या फळीवर तुटून पडायचा. त्या उडाल्या, भालेवाल्यांच्या डोक्यावरून गेल्या, आणि सरळ सरदाराभोवती उतरल्या. भालेवाले अजून पुढेच चालत होते, समोर कोणी नसताना. मागे नखांचा गोंधळ चालला, चार-दोन हार्पी पडल्या, मग सरदार पडला. या खेळात सरदार गेला की सैन्य पळतं. एकाही भालेवाल्याला ओरखडा न उठता सगळेच्या सगळे मैदान सोडून गेले. प्रांत गेला, आणि त्याबरोबर मंदिर. शत्रूच्या हातात गेलेलं मंदिर आपोआप जमीनदोस्त होतं. नवं बांधायला ४०० सोनं.

वीस गुणांचा बंदोबस्त ठेवला असता तर दुसरा सरदार मिळाला असता आणि ही फजिती टळली असती. मग का नव्हता ठेवला? इथे तो हिशेब येतो, जो मी पहिल्या दिवशी करायला हवा होता. पीडीचा पहिला गुण एका सोन्याला, दुसरा दोनला, दहावा दहाला. म्हणजे दहा गुणांना एकूण ५५ आणि वीस गुणांना २१०. बंदोबस्त दुप्पट करायला खर्च जवळजवळ चौपट. पंधरा प्रांत असतील तर सगळीकडे दहा-दहा ठेवायला ८२५, वीस-वीस ठेवायला ३१५०. उलट छापा घालणाऱ्याला टोळी दुप्पट करायला खर्च दुप्पटच येतो, आणि त्याला टोळी एकच पुरते. त्याला पंधरापैकी एक प्रांत निवडायचा असतो. मला पंधराही सांभाळायचे असतात, कारण तो कोणता निवडेल ते मला माहीत नाही. आणि माहीत असलं तरी, नागपूरकराने दाखवल्याप्रमाणे, फारसा उपयोग नाही.

तर भानगड लपण्याची नव्हतीच. लपल्यामुळे टोळी माझ्या मुलखात आत येऊन बसू शकत होती एवढं खरं. पण मी लुटला जात होतो तो या चढत्या भाजणीच्या खर्चामुळे आणि एकाच वेळी अमलात येणाऱ्या हुकुमांमुळे. मी मात्र किमतीच्या ओळीनंतर ज्या दोन ओळी लिहिल्या, त्या दोन्ही दिसण्या-न दिसण्याबद्दल.

चूक कळली, तर पुढची दुरुस्ती बरोबर जागी होईल असं कुणालाही वाटेल. मी दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी. हिशेब कळला, म्हणून हिशेबच बदलायला गेलो. पीडीच्या गुणाची किंमत मॉडमधून बदलता येत नाही. पण दर दहा गुणांमागे कोणते सैनिक किती उभे राहणार, ते प्रत्येक राष्ट्रासाठी ठरवता येतं. मी ते आकडे वाढवत गेलो. माणसांच्या राष्ट्रांना तर सढळ हाताने. तेवढ्याच सोन्यात आता दीडपट-पावणेदोनपट भालेवाले उभे राहायला लागले.

त्या खेळाचा पहिला अर्धा भाग म्हणजे सरकारी कचेरीतली दुपार. कोणी कोणावर चालून जाईना. जो तो आपल्या प्रांतात पीडी घालून बसलेला. हल्ला करावा तर पहिल्याच प्रांतात निम्मी फौज जायची. मी खूश होतो. छापे बंद झाले होते ना! जर्मनीवाल्याने एकदा विचारलं, “हे असंच चालणार आहे का?” मी म्हटलं, “स्थैर्य आहे हे.” तो तेव्हा काही बोलला नाही. त्याच्याकडे व्हॅनहाइम हे राष्ट्र होतं आणि तो जादूचं संशोधन करत होता.

व्हॅनहाइमकडे वाऱ्याची जादू जाणणारे सरदार असतात. पुरेसं संशोधन झालं की त्यांना क्लाउड ट्रपीझ नावाचा विधी येतो. ढगावर बसायचं आणि दूरच्या प्रांतात उतरायचं, मधले प्रांत ओलांडायचा प्रश्नच नाही. त्याने अशा एका सरदाराच्या हातात फ्रॉस्ट ब्रँड दिला, दुसऱ्या हातात व्हाइन शील्ड. दोन्ही इतर खेळाडूंकडून रत्नं देऊन बनवून घेतलेली. अशा एकट्याने लढणाऱ्या सरदाराला खेळाडूंच्या भाषेत थग म्हणतात. व्हाइन शील्डच्या वेलींत हल्ला करणारेच अडकतात, आणि फ्रॉस्ट ब्रँडचा एक घाव एकाच वेळी अनेकांना गारठवून मारतो. माझे दीडपट भालेवाले त्याच्याभोवती दीडपट गर्दी करून उभे राहिले आणि दीडपट मेले. संख्या वाढवल्याने हार्पी मरतात, थग मरत नाही. त्याला मारायला एक नेमका जादूगार नेमक्या ठिकाणी लागतो, आणि तो गावच्या बंदोबस्तातून मिळत नाही.

म्हणजे मी काय केलं होतं? गरीब छापेवाल्यांना खेळातून हाकललं आणि श्रीमंतांना मोकळं रान दिलं. पॅन्जियाचा माल स्वस्त आणि लवकर येणारा, खेळाच्या सुरुवातीला चालणारा. व्हॅनहाइमचा महाग आणि उशिरा येणारा. सुरुवातीचे छापे बंद केले की ज्यांचं बळ उशिरा येतं त्यांना वाट बघायला निवांत वेळ मिळतो. जर्मनीवाला तो वेळ वापरत होता आणि मी त्याला स्थैर्य म्हणत होतो. छापे या खेळातून जात नाहीत. एका राष्ट्राकडून काढले की दुसऱ्याकडे जाऊन बसतात, एवढंच.

मध्यंतरी मी स्वतः पॅन्जिया घेऊन पाहिलं होतं, तेही सांगायला हवं. मराठी माणूस छापामारीत कमी पडेल कसा, असं काहीतरी मनात होतं. लाल महाल, सुरत, सगळं पाठ. गनिमी कावा हा जणू आपला जन्मसिद्ध विषय. ग्रुपवर तशा बढाया मारूनही झाल्या होत्या. सुरुवात झकास झाली. टोळ्या एका पुणेकराच्या मुलखात खोल शिरल्या, एकेक प्रांत पडत गेला, नकाशावर माझा रंग पसरत गेला. तो रंग बघून मला मोह झाला. घेतलेल्या प्रत्येक प्रांतात मी पाच-दहा सोन्याचा बंदोबस्त घालायला लागलो. पडलेल्या मंदिराच्या जागी माझं मंदिर सुरू केलं. हार्पींना पहाऱ्यावर बसवलं. थोड्याच टर्नमध्ये माझी अवस्था अशी झाली की छापा घालणारा तो होता आणि सांभाळणारा मी. विखुरलेले, एकमेकांना न लागणारे, दुबळ्या बंदोबस्ताचे प्रांत माझ्याकडे होते आणि त्याची अख्खी फौज शाबूत होती. त्याने एका टोकापासून वेचायला सुरुवात केली. लुटायला गेलो आणि राहायला लागलो.

१६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले तेव्हा तिथला सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला. महाराज तो किल्ला घेण्याच्या फंदात पडले नाहीत. मोगली कुमक येते आहे असं कळताच शहर सोडून निघाले. लुटीचा माल ठेवायला मागे राजगड होता. शाळेत हे सगळं वाचलेलं असतं, पण लक्षात राहते ती लूट, माघारीचं नियोजन कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि आणखी एक. आपण हा सगळा इतिहास छापा घालणाऱ्याच्या बाजूने वाचत मोठे झालो. ज्यांना मुलूख राखायचा होता, त्यांचा खर्च किती वाढत गेला असेल, रोज कुठून काय बातमी येईल या धास्तीत त्यांची माणसं कशी थकली असतील, याचा विचार आपण कशाला करू? या खेळात मला पहिल्यांदा शाएस्ताखानाच्या बाजूला बसावं लागलं. बसल्यावर मी काय केलं, तर नियम बदलले. त्याला बिचाऱ्याला ती सोय नव्हती.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट आता येते. मॉडच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर मी बदलांची यादी टाकायचो, कारणांसकट. ‘हार्पी: सुरुवातीच्या काळात अवाजवी प्रभावी.’ ‘व्हॅन सरदार: किंमत वाढवली, एकट्याने लढण्याची क्षमता फार.’ ‘उल्म: बंदोबस्तात किरकोळ सुधारणा.’ भाषा अगदी निःपक्षपाती. नागपूरकराने एके दिवशी एक्सेलची फाइल पाठवली. डाव्या रकान्यात माझी आवृत्ती आणि तिच्यातले बदल. उजव्या रकान्यात त्याआधीच्या खेळात मला कोणी आणि कशाने हरवलं ते. रांगेमागून रांग जुळत होती. हार्पींनी लुटलं, हार्पी महाग. व्हॅनहाइमने संपवलं, व्हॅन महाग. आणि मी सगळ्यात जास्त वेळा जे राष्ट्र घेतो ते उल्म प्रत्येक आवृत्तीत थोडंथोडं बरं होत गेलेलं, ‘किरकोळ’ या शब्दासकट.

खाली त्याने एकच ओळ लिहिली होती: “मॉडचं नाव तक्रारवही ठेव.”

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग उत्तर दिलं ते आणखी वाईट. प्रत्येक बदलाला तांत्रिक कारण होतं, आणि प्रत्येक कारण स्वतंत्रपणे बरोबर होतं, असा मोठा संदेश. ते खोटं नव्हतंच, आणि तीच पंचाईत होती. हरल्यावर माणसाला कारणं सुचतात ती बहुतेक खरी असतात. फक्त जिंकलेल्या खेळात तीच कारणं सुचत नाहीत. मी ज्या खेळात व्हॅनहाइम घेऊन जिंकलो होतो, त्याच्यानंतरच्या आवृत्तीत व्हॅन सरदारांबद्दल अवाक्षर नव्हतं. एक्सेलमध्ये ती रांग त्याने पिवळी केली होती.

त्यानंतर मी फाइल उघडली आणि ओळी पुसायला लागलो. सगळ्या पुसल्या असं नाही. पण पुसता पुसता जे दिसलं ते मॉडमध्ये कधीच नव्हतं.

जर्मनीवाल्याचा मुलगा तेव्हा वर्षाचा होता. त्याच्या एका खेळात त्याच्यावर छापे सुरू झाले आणि त्याच्या टर्न चुकायला लागल्या. चुकलेल्या टर्नला आम्ही ‘स्टेल’ म्हणतो. हुकूम आले नाहीत तर फौज जिथल्या तिथे उभी राहते. आम्ही त्याला चिडवलं. मग एकदा त्यानेच सांगितलं की छापे सुरू होण्याआधी त्याला एक टर्न करायला वीस मिनिटं लागत होती, आणि आता तास-सव्वा तास. कोणता प्रांत गेला ते बघा, लढाई बघा, तो परत कसा घ्यायचा ते ठरवा, बंदोबस्त कुठे वाढवायचा ते ठरवा, तीन तुकडे तीन दिशांना पाठवा, प्रत्येकाची रचना पुन्हा लावा. छापा घालणाऱ्याचं काय? टोळी निवडली, प्रांत निवडला, झालं, पाच मिनिटं. पीडीतला फरक मी कागदावर मांडू शकत होतो. हा फरक त्याहून मोठा होता आणि तो मुलाला झोपवून रात्री अकराला लॅपटॉप उघडणाऱ्या माणसाच्या झोपेतून वसूल होत होता. तो प्रांतांमुळे हरला नव्हता, कंटाळून हरला होता. आणि मी पहारेकऱ्यांचे आकडे वाढवून त्याला आणखी कामाला लावलं होतं. शोधणारे चांगले म्हणजे शोधायला पाठवणं आलं, म्हणजे आणखी हुकूम.

मग आम्ही फाइलीला हात न लावता दोन गोष्टी बदलल्या. खेळ मध्यावर आला की टर्नची मुदत चोवीस तासांवरून अठ्ठेचाळीसवर न्यायची. आणि नकाशा लहान घ्यायचा. माणशी पंधराच्या आसपास प्रांत असा साधारण प्रघात असतो. आम्ही दहावर आलो. दहा प्रांतांना दहा-दहाचा बंदोबस्त म्हणजे ५५०. हे एखाद्याला झेपतं. राखायला जागा कमी आणि फौज कुठूनही जवळ, म्हणून छापा घातलेला प्रांत पुढच्याच टर्नला परत घेता येतो. एक शिकलो ते असं की काही प्रांत जाऊ द्यावेत. एक गुणाचा बंदोबस्त ठेवून, म्हणजे एका सोन्यात, ते गेल्याची बातमी विकत घ्यावी, टोळी कुठे आहे ते कळतं, आणि उरलेलं सोनं एखाद्या चौकातल्या किल्ल्यावर जादूगार ठेवण्याकडे वळवावं. पुण्यातला एक जण याला अजून भ्याडपणा म्हणतो. तो अजून सगळीकडे वीस-वीस घालतो आणि अजून सोनं नाही म्हणून रडतो.

लहान नकाशाने सगळं सुटलं असं म्हणायची सोय नाही. पॅन्जियाला दाटीत लपून शिरायला कमी जागा मिळते, आणि पहिल्याच वर्षात तिन्ही बाजूंनी शेजारी अंगावर येतात. नागपूरकराचं म्हणणं, आता हार्पी उलट थोड्या स्वस्त करायला हव्यात. त्याचं बरोबर असावं. पण तो सध्या पॅन्जियाच खेळतोय, आणि एक्सेलचा धडा त्याला स्वतःलाही लागू आहे, असं त्याला सांगितल्यावर तो हसला आणि त्याने मागणी मागे घेतली नाही.

व्हॅन सरदारांची ओळ अजून फाइलीत आहे. जर्मनीवाल्याला ती काढून हवी आहे. आमचा नवा नियम असा आहे की आदल्या खेळात जो सगळ्यात आधी बाद झाला, त्याने पुढचा खेळ संपेपर्यंत फाइल उघडायची नाही, सुचवायचंही नाही. गेल्या खेळात लंकेच्या राक्षसांनी उल्मची राजधानी घेतली, त्यामुळे सध्या ती बंदी माझ्यावर आहे. लंकेबद्दल मला तीन गोष्टी सुचल्या आहेत. त्या मी एका कागदावर लिहून ठेवल्या आहेत आणि कागद बायकोकडे दिला आहे.